एफएसए घेताय? डेकेअरचं आधी भरा, हेल्थचं हिशोब करून

अमेरिकेत ओपन एनरोलमेंट (नोकरीतले इन्शुरन्स वगैरे फायदे निवडायचे दिवस) आलं की हेल्थ एफएसए आणि डिपेंडंट केअर एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे टॅक्स कापायच्या आधी पगारातून पैसे बाजूला काढायचं खातं, एक औषधोपचारासाठी आणि दुसरं मुलांच्या सांभाळासाठी) हे दोन रकाने समोर येतात आणि बरेच जण शून्य टाकून पुढे जातात, तर तसं अजिबात करू नका. आमच्या घरी दोन्ही वापरतो, आणि माझं मत स्पष्ट आहे, मूल डेकेअरमध्ये असेल आणि नवरा-बायको दोघंही नोकरी करत असाल तर डिपेंडंट केअर पहिलं भरा. याची लिमिट कित्येक वर्षं 5,000 डॉलरवर अडकली होती, 2026 पासून ती 7,500 झालीय (दोघांची मिळून बरं का, प्रत्येकी नाही, आणि तुमच्या कंपनीने प्लॅनमध्ये बदल केलाय का ते एचआरला विचारा). इन्कम टॅक्सचं 22 टक्के ब्रॅकेट आणि वर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे 7.65 टक्के धरले तर पूर्ण रकमेवर साधारण 2,200 डॉलर वाचतात, हे काही थोडेथोडके पैसे नाहीत! फक्त मूल 13 वर्षांच्या आतलं हवं, समरचा डे कॅम्प चालतो पण रात्री मुक्काम असलेला नाही, आणि किंडरगार्टनची फी चालत नाही पण शाळेनंतरचं आफ्टरकेअर चालतं. एकाच खर्चावर मुलांच्या सांभाळाचं टॅक्स क्रेडिटही (टॅक्समधून मिळणारी सूट) घेता येत नाही, त्यामुळे पगार कमी असेल तर आधी दोन्हीची तुलना करा.

हेल्थचं गणित वेगळं. 2026 ची लिमिट 3,400, आणि यातली भारी गोष्ट म्हणजे पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, जानेवारीतच मुलीच्या ब्रेसेसचे पैसे द्यायचे असले तरी. डिपेंडंट केअरमध्ये मात्र जेवढे कापले गेलेत तेवढेच मिळतात. पण हेल्थचे उरलेले पैसे बुडतात, काही प्लॅन थोडी रक्कम पुढच्या वर्षी नेऊ देतात, काही अडीच महिन्यांची मुदत देतात, काही दोन्ही देत नाहीत. म्हणून चष्मे, दात, नेहमीची औषधं असा नक्की होणारच असलेला खर्च मोजा आणि तेवढंच टाका. 2020 पासून प्रिस्क्रिप्शनशिवायची औषधं आणि पॅड्ससुद्धा यात बसतात, हा बदल मला फार आवडला.

आता तक्रार. आमचं खातं सांभाळणाऱ्या कंपनीचं अ‍ॅप दिसायला छान आहे पण डेकेअरची पावती त्यांनी परत पाठवली, का तर त्यावर पैसे भरल्याची तारीख होती, कुठून कुठपर्यंतची सेवा ते नव्हतं. डेकेअरवालीने हाताने तारखा लिहून सही केली तेव्हा कुठे क्लेम पास झाला. डॉक्टरच्या बाबतीतही कार्डची स्लिप घेत नाहीत, इन्शुरन्सचं ईओबी (त्यांनी किती दिले आणि तुमच्या वाट्याला किती आले ते सांगणारं पत्रक) अपलोड करायचं. आणि आया कॅशवर असेल आणि तिचा सोशल सिक्युरिटी नंबर द्यायला तयार नसेल तर टॅक्स भरताना फॉर्म 2441 वर (मुलांच्या सांभाळाच्या खर्चाचा फॉर्म) अडचण येते, ते आधीच बोलून घ्या.

एचएसए (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, औषधोपचारासाठीचं वेगळं बचत खातं) भरत असाल तर साधं हेल्थ एफएसए घेता येत नाही, फक्त दात आणि डोळ्यांसाठीचं लिमिटेड पर्पज मिळतं, डिपेंडंट केअरला मात्र काही अडथळा नाही. नोकरी बदलायचा विचार असेल तर चष्मे, दात वगैरे आधी उरकून घ्या, कारण एरवी शेवटच्या दिवसानंतरचा खर्च धरत नाहीत, पण त्याआधी भरल्यापेक्षा जास्त वापरले असतील तर ते परत मागत नाहीत.