डेटयुटिलचं आररूल: दहा महिने वापरल्यावर

जानेवारी 2025 मध्ये एका छोट्या पतसंस्थेचं काम घेतलं. आवर्त ठेवीचा हप्ता जवळ आला की खातेदाराला एसएमएस, आणि रोज सकाळी मॅनेजरसाहेबांना त्या दिवसाची यादी, एवढंच. तारखांचा हिशेब स्वतः लिहायचा कंटाळा, म्हणून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली डेटयुटिल घेतली. गुस्ताव्हो निमेयर यांनी 2003 मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, फुकट आहे आणि भरपूर वापरून घासलेली आहे. तिच्यातला आररूल हा भाग म्हणजे ‘दर अमुक दिवशी’ हे वाक्य कोडमध्ये लिहिण्याची सोय. कॅलेंडरची आमंत्रणं एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात ज्या आयकॅलेंडर नियमांनी जातात, त्याच धर्तीचे नियम इथे आहेत.

पहिले काही दिवस नुसती मजा होती. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते आणि ही पतसंस्थाही तेच पाळते. ते एका ओळीत बसलं. पाचवा शनिवार आला तरी गोंधळ नाही. मी खूश.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. “मॅडम, फेब्रुवारीत एकतीस तारखेवाल्यांना मेसेजच गेला नाही. तीसवाल्यांनाही नाही, एकोणतीसवाल्यांनाही नाही.”

चूक माझी होती. आररूलला ‘31 जानेवारीपासून दरमहा’ सांगितलं की ज्या महिन्यात 31 तारीख नाही तो महिना ते सरळ सोडून देतं. म्हणजे वर्षात सातच हप्ते. त्याहून वाईट पुढेच होतं: 12 हप्त्यांचं खातं, म्हणजे शेवटचा हप्ता डिसेंबर 2025 मध्ये यायला हवा, तर यादीत तो 31 ऑगस्ट 2026 ला दिसत होता. लायब्ररीच्या कागदपत्रांत हे वागणं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते पान मार्चमध्ये वाचलं.

मग मी हुशारी केली. त्याच लायब्ररीतलं रिलेटिव्हडेल्टा महिनाअखेर सांभाळून घेतं, 31 जानेवारीत एक महिना मिळवला की 28 फेब्रुवारी देतं. उत्तम. पण मी आलेल्या उत्तरातच पुन्हा एक महिना मिळवत गेले, आणि 28 मार्च, 28 एप्रिल अशी तारीख घसरली ती घसरलीच. मूळ तारखेत दोन महिने, तीन महिने असं मिळवलं असतं तर चाललं असतं. शेवटी आररूलमध्येच उपाय सापडला. एकतीसवाल्यांना बायमंथडे उणे एक, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. तीसवाल्यांना 28, 29, 30 या तिन्ही तारखा द्यायच्या आणि बायसेटपॉस उणे एक लावून त्यातली असेल ती शेवटची उचलायची. हे कोड बघताना अजूनही क्षणभर थांबावं लागतं, पण काम चोख करतं.

मॅनेजरसाहेबांना मी विचारलं होतं, तुमचा नियम नक्की काय? “फेब्रुवारीत महिनाअखेर. त्यात विचारायचं काय?” त्यांच्या लाल डायरीत हे चाळीस पानं आधीच ठरलेलं होतं.

दुसरा फटका छोटा, पण लाज वाटावी असा. दोन तारखांमधले हप्ते काढायला आररूलमध्ये बिटवीन ही सोय आहे. पण वेगळं सांगितलं नाही तर ते दोन्ही टोकं वगळतं. मी महिन्याची यादी 1 तारखेच्या मध्यरात्रीपासून मागत होते, आणि हप्तेही मध्यरात्रीच्याच वेळेने नोंदलेले. 1 तारखेचे सगळे गायब! टोकं धरायला त्यातली आयएनसी ही सेटिंग ‘खरं’ (ट्रू) करा, विसरू नका. आणि शेवट न दिलेल्या रोजच्या पिग्मीच्या नियमाची पूर्ण यादी कधी मागू नका. ते निमूटपणे सन 9999 पर्यंत, साधारण 29 लाख तारखा काढत बसतं. माझ्या लॅपटॉपचा पंखा तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

सुट्ट्यांचं म्हणाल तर इथे लायब्ररी अर्धीच उपयोगी. नको ती तारीख गाळता येते, पण ‘सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी’ हे तिला येत नाही. त्यासाठी दहा ओळी माझ्या. गंमत म्हणजे हिला ईस्टर कळतो. ईस्टरच्या दोन दिवस आधी म्हटलं की गुड फ्रायडे हजर. तिथी मात्र कळत नाही. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला. कुठल्या नियमात बसवणार? भिंतीवरचं कॅलेंडर बघून वर्षाच्या सुट्ट्या हाताने भरते.

आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे होत नाही, त्यामुळे वेळेची भानगड मला पतसंस्थेत भेटलीच नाही. ती भेटली मावसबहिणीमुळे. ती पुण्यातून न्यू जर्सीतल्या मुलांना रविवारी मराठी शिकवते, तिकडच्या सकाळी दहाला. उन्हाळ्यात ते आपले संध्याकाळचे साडेसात, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेआठ. तिच्या आठवणीचा नियम मी भारतीय वेळेत लिहिला असता तर शिक्षिका एक तास आधीच येऊन बसली असती. म्हणून नियम न्यूयॉर्कच्या वेळेत लिहिला आणि निघालेली प्रत्येक तारीख मग आपल्या वेळेत बदलली. यात शेवटची तारीख टाइमझोन न सांगता दिली तर लायब्ररी लगेच एरर देते. सुरुवातीला वैताग आला, पण गुपचूप चुकीचं उत्तर देण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

अजून वापरतेच आहे, आणि पुढच्या कामातही हीच घेणार. फक्त ‘दर सोमवारी’ एवढीच गरज असेल तर कशाला पसारा, सात दिवस मिळवत जा. हप्ते असतील तर मात्र घ्या, आणि पहिल्याच दिवशी 29, 30, 31 तारखेची तीन खाती काढून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालवून बघा. मी आता तेच करते. मॅनेजरसाहेब अजून दर महिन्याला माझी यादी डायरीशी ताडून बघतात, आणि मी त्यांना कधी नको म्हटलेलं नाही.