हॅचरीतला यलो टँग: पैसे जास्त जातात, तरी हाच घ्या

अमेरिकेत राहून खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हा रिव्ह्यू. यलो टँग म्हणजे हवाईच्या समुद्रातला पिवळा मासा. मी तो ऑनलाइन मागवला, हॅचरीत (माशांची पैदास करतात तिथे) जन्मलेला, समुद्रातून पकडलेला नाही. आधी खटकलं ते सांगतो, पिल्लू फारच बारकं येतं, रुपयाच्या नाण्याएवढं म्हणा ना, त्यामुळे दांडगे मासे असतील तर डायरेक्ट सोडू नका, थोडे दिवस जाळीच्या डब्यात ठेवा. आणि किंमत! हवाईचा पकडलेला टँग एकेकाळी पन्नासेक डॉलरला मिळायचा, हा त्याच्या कितीतरी पट महाग.

पण खाणं एकदम मस्त. पेलेट (दाणेदार खाद्य) टाकले की लगेच येतो, नोरी (सुकवलेलं समुद्री शेवाळ) तर फाडून खातो. पकडलेल्या टँगला पेलेटची सवय लावता लावता नाकी नऊ येतात, काही तर उपाशीच मरतात. रंगही छान पिवळाधमक आहे, रात्री थोडा फिका होतो आणि अंगावर पांढरा पट्टा दिसतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका.

किमतीचं म्हणाल तर कारण आहे. याच्या पिल्लांचं तोंड सुरुवातीला इतकं लहान असतं की हॅचरीतलं नेहमीचं रोटिफर नावाचं सूक्ष्म जिवांचं खाद्य त्यांना जमत नाही, कोपेपॉड या कोळंबीच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जिवाची त्याहून बारीक पिल्लं वाढवून ती खायला घालावी लागतात. हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेला वर्षानुवर्षं खटपट केल्यावर २०१५ मध्ये कुठे हे जमलं.

आता टँकसाठी समुद्रातले मासे पकडावेत का, या वादाबद्दल. हवाईतल्या कोनाच्या किनाऱ्यावर मासे पकडणारे म्हणतात आम्ही बारीक जाळ्या लावतो, प्रवाळ तोडत नाही, रीफचं (प्रवाळांच्या खडकांचं) नुकसान उष्ण पाण्याने होतंय. यात तथ्य आहे, २०१५ च्या ब्लीचिंगमध्ये (उष्ण पाण्याने प्रवाळ पांढरे पडतात त्यात) तिथले भरपूर प्रवाळ मेले, त्यात जाळ्यांचा काय दोष. पण १९९९ च्या शेवटी त्या किनाऱ्याचा जवळपास ३५ टक्के भाग टँकसाठी मासे पकडायला बंद केला, आणि तिथे यलो टँग चांगलेच वाढले. म्हणजे आधी पकडण्यामुळेच कमी झाले होते ना? शिवाय हा मासा दगडांवरचं शेवाळ खातो, ते वाढलं की नव्या प्रवाळाला जागा मिळत नाही. तिथल्या मूळ हवाईयन लोकांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो, समुद्रातून घ्यायचं ते खाण्यापुरतं, शोभेसाठी नेणं हीच नासाडी. २०१७ मध्ये हवाईच्या सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की पर्यावरणाचा अभ्यास झाल्याशिवाय टँकसाठी मासे पकडायची परमिट देता येणार नाहीत.

तरी हवाईत निदान नियम तरी होते. फिलिपिन्स, इंडोनेशियात सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून प्रवाळाच्या फटीत फवारतात, मासा गुंगतो, हाताने उचलायचा, आजूबाजूचे प्रवाळ मात्र मरतात, आणि तो मासाही दुकानात धडधाकट दिसून नंतर घरी येऊन मरू शकतो. त्यामुळे दुकानदाराला मासा कुठून आला हे विचाराच, आणि उत्तर नीट नाही मिळालं तर घेऊ नका. क्लाउनफिश आणि बांगाई कार्डिनल तर हॅचरीतले सहज मिळतात, समुद्रातले घ्यायचं काही कारणच नाही. बांगाई तर २००७ पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बारक्या साइझसाठी कापला. १०० गॅलनपेक्षा लहान टँक असेल तर हॅचरीतलाही घेऊ नका, याला पोहायला लांबी लागते आणि नीट सांभाळला तर कित्येक वर्षं जगतो.