एनएटएन काही महिने वापरल्यावर: लॉगिन ऑफिसचं की माणसाचं?

महिन्याची अठरा तारीख म्हणजे सीएच्या ऑफिसात कोणी चहालाही उठत नाही. वीसला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. त्या दिवशी सकाळी एनएटएन (n8n, वेगवेगळी ॲप्स जोडून ठरलेली कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर सगळे वर्कफ्लो, म्हणजे त्यात बसवलेल्या कामांच्या साखळ्या, जागच्या जागी, पण एकही चालेना. प्रत्येक ठिकाणी एकच एरर: क्रेडेन्शियल डिक्रिप्ट होत नाही. म्हणजे जोडलेल्या खात्यांची साठवलेली लॉगिन्स उघडत नाहीत. जीमेल, ड्राइव्ह, शीट्स, सगळं बंद. चलन भरण्याची आठवण करून देणारी मेल जांभळी नाक्यावरच्या दुकानदारांपासून वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांपर्यंत एकालाही गेली नाही. दिवसभर सगळ्या आर्टिकल्सनी (सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणाऱ्या मुलामुलींनी) क्लायंटना फोन लावले.

मी नौपाड्यातल्या एका सीए फर्मचं ऑफिस सांभाळते. पहिल्या तारखेला क्लायंटकडे बिलं मागणं, आलेली बिलं मेलमधून उचलून ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये टाकणं, शीटमध्ये नोंद करणं आणि वीसच्या आधी आठवण करणं, एवढं काम आम्ही एनएटएनवर टाकलं आहे. ते कसं चालतं यात शिरत नाही, थेट मुद्द्यावर येते.

आदल्या रात्री आमच्या होस्टिंगवाल्याने सर्व्हर बदलला होता. फोनवर त्याचं एकच पालुपद: "मॅडम, डेटाबेस शंभर टक्के आलाय, तुम्हीच चेक करा." डेटाबेस आला होता, यात वाद नाही. पण एनएटएन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच एक एन्क्रिप्शन की तयार करतं आणि आपल्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवतं. आपले पासवर्ड आणि टोकन (पासवर्डऐवजी चालणारे परवानगीचे कोड) डेटाबेसमध्ये जातात ते या कीने बंद होऊन. होस्टिंगवाल्याने पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस, उचलून नेलं, एनएटएनचं ते फोल्डर नेलं नाही. नव्या सर्व्हरवर एनएटएनने नवी की बनवली. तिजोरी शाबूत नव्या घरी आणली आणि किल्ली जुन्या घराबरोबर पाडून टाकली, असा प्रकार. कारण जुना सर्व्हर त्याने रातोरात पुसलाही होता. ती की गेली की क्रेडेन्शियल्स कोणीच परत मिळवून देऊ शकत नाही, आणि तसंच असायला हवं. नाहीतर कुलपाला अर्थ काय?

वर त्याने मायग्रेशनचं बिल पाठवलं. बॅकअप आणि मायग्रेशन दोन्ही आमच्या वार्षिक करारात होतं. करारातलं ते कलम मी मेलमध्ये चिकटवून पाठवलं, तरी दोन आठवडे "सिनियरशी बोलून सांगतो" चाललं. शेवटी बिल रद्द झालं. तो करार आम्ही पुढे चालवला नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना एक विनंती. ती की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये) स्वतः ठरवून द्या आणि तिची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर ठेवा. डेटाबेसचा बॅकअप रोज घेत असाल आणि ही प्रत नसेल, तर अर्धाच बॅकअप आहे. कमांड लाइनवरून सगळी क्रेडेन्शियल्स डिक्रिप्ट करून एक्स्पोर्ट करता येतात, पण ती फाइल साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात असते. ती सर्व्हरवर तशीच पडू देऊ नका.

हा अनुभव लिहायला बसले ते मात्र त्यानंतर जे दिसलं त्यासाठी. सगळी लॉगिन्स पुन्हा जोडायला बसलो, तेव्हा दर वेळी एकच प्रश्न: हे खातं कोणाचं? आपण नाव दिलं नाही तर क्रेडेन्शियलला "जीमेल अकाउंट २", "जीमेल अकाउंट ३" अशी नावं आपोआप पडतात. आमच्याकडे सुरुवातीला ज्यांनी हे सगळं बसवलं त्यांनी ती तशीच ठेवली होती. शोध घेतला तर क्लायंटना आठवणीची मेल जात होती ती आर्टिकलशिप संपवून पुण्याला गेलेल्या मुलाच्या जीमेलवरून. बिलं साठत होती सरांच्या घरच्या ड्राइव्हमध्ये, मुलीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी. चुकीचं कोणीच वागलं नव्हतं. ज्याच्या मशीनवर जे खातं उघडं होतं ते जोडलं गेलं, आणि चाललं म्हणून कोणी बघितलं नाही.

त्या वेळी आम्ही फुकटची कम्युनिटी आवृत्ती वापरत होतो. तिच्यात क्रेडेन्शियल किंवा वर्कफ्लो दुसऱ्याशी शेअर करता येत नाही. ते बनवणारा आणि त्या एनएटएनचा मालक-युजर, एवढ्यांनाच मिळतं. त्यामुळे ऑफिसभर एकच मालकाचं लॉगिन फिरत होतं. नवीन आर्टिकल आली की पहिल्याच दिवशी तिला तो पासवर्ड. शेअरिंग क्लाउडच्या प्लॅनमध्ये आहे, आणि सर्व्हर आपला असेल तर एंटरप्रायझसारख्या पैशाच्या प्लॅनमध्ये. होस्टिंगवाल्याचे वाचलेले पैसे दाखवून मी सरांकडून क्लाउडला होकार मिळवला. डेटा फ्रँकफर्टमध्ये राहतो हे त्यांना आधी सांगितलं. क्लायंटची बिलं तिथून जातात, तेव्हा हे सांगणं भाग होतं.

आणि शेअरिंग वापरल्यावर मी खरोखर हरखले. क्रेडेन्शियल शेअर केलं की समोरचा ते आपल्या वर्कफ्लोत वापरू शकतो, पण आतले तपशील त्याला बघता येत नाहीत, बदलता येत नाहीत. आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं पासवर्डची एक एक्सेल शीट आहे. ती कोणाच्या पेनड्राइव्हवर गेली, कोणाच्या घरच्या लॅपटॉपवर राहिली, याचा हिशेब कोणाकडेच नाही. इथे पहिल्यांदाच असं झालं की मुलगी मेल पाठवण्याचं काम पूर्ण करते आणि पासवर्ड तिला कधी कळतच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या सॉफ्टवेअरला पाचपैकी पाच दिले असते.

आता चार दिले आहेत, त्याचं कारण सांगते. डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की वर्कफ्लो शेअर केला तर तो एडिट करणाऱ्याला त्यातली सगळी क्रेडेन्शियल्स वापरता येतात, तुम्ही ती वेगळी शेअर केली नसली तरीही. म्हणजे क्रेडेन्शियलचा दरवाजा बंद ठेवून उपयोग नाही, वर्कफ्लोचा दरवाजाही बघावा लागतो. दुसरं, "दिसत नाही" म्हणजे "बाहेर जाऊ शकत नाही" असं नाही. प्रत्येक रिक्वेस्टबरोबर हेडरमध्ये टोकन पाठवणारं साधं क्रेडेन्शियल ज्याला वापरता येतं, तो एचटीटीपी रिक्वेस्ट कुठे जाते तो पत्ता बदलून ते टोकन स्वतःच्या सर्व्हरकडे पाठवू शकतो. क्रेडेन्शियल कोणत्या डोमेनसाठी चालेल हे बांधून देण्याची सोय नव्या आवृत्त्यांमध्ये आली आहे. ती जरूर वापरा. मी मेलचे वर्कफ्लो आणि पैशाशी संबंधित वर्कफ्लो वेगळ्या प्रोजेक्टमध्ये ठेवले आणि आर्टिकल्सना पहिल्याच प्रोजेक्टमध्ये घेतलं.

पण खरा पेच सॉफ्टवेअरच्या बाहेरच आहे, आणि सरांशी माझी खरी खडाजंगी तिथे झाली. माणूस सोडून गेला की एनएटएनमधून त्याला काढताना त्याचे वर्कफ्लो आणि क्रेडेन्शियल्स दुसऱ्याच्या नावावर करता येतात. उत्तम सोय आहे. मात्र नावावर होतं ते एनएटएनमधलं. टोकन त्या माणसाच्या गुगल खात्याचंच राहतं. त्याने पासवर्ड बदलला की जीमेलची परवानगी असलेलं रिफ्रेश टोकन, म्हणजे जोडणी चालू ठेवणारं टोकन, रद्द होतं. त्याने खात्यात जाऊन आपल्याला दिलेली परवानगी काढून टाकली तरी संपलं. आणि खातं त्याचं आहे, तसं करायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

म्हणून मी गुगल वर्कस्पेसमध्ये (गुगलची ऑफिससाठीची पैशाची सेवा) ऑफिसच्या नावाचा वेगळा युजर मागितला. सर म्हणाले, "जो माणूसच नाही त्याच्या लायसन्सचे पैसे दर महिन्याला कशाला? ग्रुप करा नाहीतर एलियस करा." करून दाखवलं असतं, पण ग्रुपने किंवा एलियसने (खात्याच्या जोडपत्त्याने) लॉगिन होत नाही आणि लॉगिनशिवाय ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता परवानगी देण्याची गुगलची पद्धत, जोडता येत नाही. खरा युजरच लागतो. एका लायसन्सचा खर्च आणि अठरा तारखेचा तो दिवस असा हिशेब मांडला, तेव्हा मान्य झालं. त्या खात्याचे टू-स्टेपचे बॅकअप कोड छापून सरांच्या कपाटात ठेवलेत. आठ-आठ अंकी दहा कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो.

वर्कस्पेसच्या खात्याचा एक फायदा स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना जास्त होईल. तिथे गुगलसाठी आपलं ओऑथ ॲप आपणच बनवावं लागतं. ते "एक्स्टर्नल" आणि "टेस्टिंग"मध्ये ठेवलं तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपतं. दर आठवड्याला पुन्हा जोडत बसणारे कितीतरी जण एनएटएनला दोष देतात, पण हा गुगलचा नियम आहे. वर्कस्पेसचं खातं असेल तर ॲप "इंटर्नल" करा, हा सात दिवसांचा त्रास राहत नाही. व्हॉट्सॲपचंही तसंच. मेटाच्या डेव्हलपर पानावरचं तात्पुरतं टोकन २४ तास चालतं. कायमचं काम असेल तर सिस्टम युजरचं (माणसाऐवजी धंद्याच्या नावाच्या युजरचं) टोकन घ्या. तिथेही प्रश्न तोच: टोकन माणसाचं की ऑफिसचं?

क्लायंटची सरकारी पोर्टल्स मी यात घातलेली नाहीत आणि घालणार नाही. क्लायंटने दिलेली परवानगी आपल्या कामापुरतीच असते, आणि ई-वे बिल, ई-इन्व्हॉइसला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय ओटीपीही) सक्तीचं आहे. तिथे मात्र सब-युजर करता येतो, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी येतो. भिवंडीचे आमचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ पूर्वी रात्री अकराला ओटीपी सांगायला उठायचे. आता त्यांच्या गोडाऊनच्या मुलाच्या नावाने सब-युजर आहे आणि शेठ झोपतात.

पैशाचं सांगायचं तर ते टोचतं. कंपनी बर्लिनची, बिल युरोत. त्यावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप (परकी चलनात पैसे भरल्याचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. शिवाय, दोन माणसांच्या ऑफिसलाही क्रेडेन्शियल शेअर करणं ही गरज असते, चैन नाही. निदान एवढं तरी फुकट आवृत्तीत असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते नसल्यामुळेच लहान ऑफिसांत एकच मालक-लॉगिन सगळ्यांत फिरतं.

वार्षिक प्लॅन घेतला तर महिन्याचा दर कमी पडतो. सरांनी अजून होकार दिलेला नाही, सध्या मासिकच चालू आहे. टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर सरला की पुन्हा विचारणार आहे. तोपर्यंत उरलेली सरांच्या ड्राइव्हमधली जुनी फोल्डर्स ऑफिसच्या खात्यात हलवायची आहेत. फाइल वैयक्तिक जीमेलची आणि आमचं खातं वर्कस्पेसचं, अशा वेळी मालकी थेट बदलता येत नाही, त्यामुळे सगळं डाउनलोड करून पुन्हा चढवावं लागतंय. यावर कोणाकडे बरा उपाय असेल तर खाली लिहा.