सायलेंसर, सैल आटे आणि दोनशे डॉलर : वर्षभराच्या वापरानंतर

दुरुस्तीला गेलेला माझ्या रायफलचा सायलेंसर (नळीच्या टोकाला लावून गोळीचा आवाज कमी करणारं नळकांडं) अखेर परत आला, म्हणून हे लिहायला बसलो. कंपनीचं नाव देत नाही, कारण खर्चाबद्दल त्यांच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे. .३० कॅलिबरचा, साधा, थेट नळीच्या आट्यांवर फिरवून बसवायचा प्रकार आहे. वजन, लांबी, धातू हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मी तो .३०८ काडतुसाच्या बोल्ट रायफलवर (दर गोळीनंतर हाताने दांडा ओढून भरायची) वापरतो, रेंजवर आणि टेक्सासमधल्या एका मित्राच्या शेतावर. तिथे रानडुकरं एका रात्रीत मक्याचा अर्धा पट्टा उलथून टाकतात, आणि शेजारच्या वस्तीत लहान मुलं झोपलेली असतात.

आधी आवाजाबद्दल, कारण घेणारा प्रत्येक जण तेच विचारतो. सिनेमात ऐकू येतो तसा 'फुस्' आवाज होत नाही. उघड्या .३०८चा आवाज १६५ डेसिबलच्या आसपास असतो. सायलेंसर लावल्यावर तो साधारण १३५ पर्यंत उतरतो. ३० डेसिबल कमी म्हणजे आवाजाची तीव्रता हजारात एक उरते, म्हणजे फरक प्रचंड आहे. पण १३५ डेसिबल हा आवाज मोठाच, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असल्याने हवेत तिचा जो कडाका उठतो तो कुठलाच सायलेंसर थांबवू शकत नाही. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो. माझ्या डाव्या कानात अनेक वर्षं बारीक शिट्टी वाजते. त्या कानासाठी मी हे घेतलं, आणि त्याबाबतीत समाधानी आहे. वरून इअरमफ मात्र अजूनही घालतो, तुम्हीही घाला. आवाज उतरला तसा धक्काही कमी झाला, आणि रेंजवर शेजारच्या बाकावरचा माणूस दचकेनासा झाला.

आता आट्यांकडे येतो. या सायलेंसरचं सगळं चांगलं-वाईट माझ्या दृष्टीने तिथेच आहे.

नळीच्या टोकाला पाच-अष्टमांश इंचाचे, इंचाला चोवीस असे आटे असतात. सायलेंसर त्यांवर हाताने आवळून नळीच्या खांद्याला टेकवायचा, की झालं, असं पुस्तिकेत लिहिलंय. प्रत्यक्षात काही गोळ्या झाल्या की उष्णतेने आणि हादऱ्यांनी तो सैल व्हायला लागतो. आवळायला जावं तर चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला. जाड हातमोजा घालून आवळायचा, पुन्हा काही गोळ्या, पुन्हा सैल. सैल झाल्याचं डोळ्यांना दिसत नाही, निशाण्यावर कळतं. सायलेंसर लावला की १०० यार्डांवर नेम थोडा खाली सरकतो, पण दर वेळी तितकाच, त्यामुळे दुर्बीण तेवढी जुळवून घेतली की भागतं. तो सैल असेल तर भोकं कुठेही पडायला लागतात. शेतावर रात्री, अंधारात, एका डुकरामागे धावताना हे कोण तपासणार? इतक्या पैशांच्या वस्तूला घट्ट बसण्याची साधी सोय नसावी, याचा मला अजूनही राग येतो.

हिवाळ्याच्या तोंडाशी व्हायचं तेच झालं. सायलेंसर किंचित वाकडा बसला होता आणि गोळी आतल्या शेवटच्या चकतीला घासून गेली. आत शंकूच्या आकाराच्या चकत्या एकामागे एक असतात. गोळीमागचा तापलेला वायू त्यांत अडकून, पसरून, थंड होऊन बाहेर पडतो. त्यातली एक चेपली की पुढच्या गोळीची खात्री उरत नाही.

एवढ्याशा चकतीसाठी काय काय करावं लागतं ते ऐका. अमेरिकी कायद्यात सुटी चकतीसुद्धा सायलेंसरच मानली जाते, त्यामुळे ती मला कुणी विकू शकत नाही आणि मी घरी बदलू शकत नाही. वस्तू निर्मात्याकडेच जायला हवी. सायलेंसरची सरकारकडे करावी लागणारी नोंदणी माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणून मी कामावर असताना बायकोने ती दुकानात नेऊन देणंही चालत नाही. कंपनीचं पहिलं उत्तर आलं : ग्राहकाने नीट बसवला नाही, वॉरंटी लागू नाही. दुसरं उत्तर त्याहून वाईट. बाहेरचं नळकांडं खराब निघालं तर नवा सायलेंसर देऊ, पण त्याचा अनुक्रमांक नवा असेल, म्हणजे नवा अर्ज, नवे बोटांचे ठसे आणि नवा दोनशे डॉलरचा कर.

या दोनशे डॉलरवर मी रात्ररात्र चिडलो आहे. हा कर १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टचा. गुंडांच्या टोळ्यांच्या काळात मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांबरोबर सायलेंसरही त्यात घातले गेले. त्या वेळी दोनशे डॉलर म्हणजे सामान्य माणसाने विचारच सोडून द्यावा अशी रक्कम होती, आणि नव्वद वर्षं ती वाढली नाही. मी २०२५च्या वसंतात ती भरली. जुलैत ट्रम्प यांनी मोठ्या अर्थविषयक विधेयकावर सही केली आणि १ जानेवारी २०२६पासून सायलेंसरवरचा कर शून्य झाला. तोच सायलेंसर, तोच अर्ज, फक्त मी काही महिने आधी घेतला म्हणून दोनशे डॉलर गेले ते गेले.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो, आणि हे वर्षभराच्या वापरातून बनलेलं मत आहे. घेताना मला वाटायचं की नोंदणीही गेली पाहिजे. आता तसं वाटत नाही.

मे २०२५मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाऊसने, मंजूर केलेल्या त्याच विधेयकाच्या मसुद्यात सायलेंसर १९३४च्या कायद्यातून पूर्ण बाहेर काढले होते. ती दुरुस्ती रेटणारे जॉर्जिया राज्याचे खासदार अँड्र्यू क्लाइड स्वतः बंदुकांच्या दुकानांचे मालक. वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सेनेटच्या, नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी सांगितलं की अर्थविषयक विधेयकात हे बसत नाही, म्हणून फक्त कर गेला. ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी आणि नोंदणी राहिली. लगेच टेक्सासच्या संघीय न्यायालयात दावा आला : १९३७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कर म्हणून वैध ठरवला होता, आता करच शून्य असेल तर नोंदणी कशाच्या जोरावर?

सायलेंसर घेतल्यापासून बंदूक-समर्थक लॉबीची पत्रं माझ्याकडे येतात. एनआरए ही बंदूकधारकांची संघटना, उत्पादकांच्या संघटना, सगळ्यांचा सूर कानांचं आरोग्य. २०१७च्या विधेयकाचं नावच हिअरिंग प्रोटेक्शन ॲक्ट होतं. लास व्हेगासला त्या ऑक्टोबरमध्ये मैफलीवर गोळीबार झाला आणि ते मागे पडलं. माझा स्वतःचा कान खराब आहे, म्हणून हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण कान वाचवायचेच असतील तर माझी खरी अडचण दुरुस्तीची आहे. चकती बदलता यावी, बायकोला वस्तू दुकानात नेता यावी, वॉरंटीत नवा मिळाला तर जुन्याच नोंदणीवर चालावा. मला आलेल्या एकाही पत्रात याबद्दल ओळ नव्हती. प्रत्येक पत्र विक्री सोपी करण्याबद्दल होतं. ज्याने आधीच विकत घेतलंय त्याच्या त्रासात उत्पादकांना रस नाही, हे मी कंपनीशी भांडताना अनुभवलं आणि पत्रं वाचताना पुन्हा कळलं.

दुसरी बाजू मी टाळणार नाही. ३१ मे २०१९ला व्हर्जिनिया बीचच्या महापालिका इमारतीत १२ माणसं मारली गेली. मारेकऱ्याच्या पिस्तुलावर कायदेशीर घेतलेला सायलेंसर होता. आतल्या काहींना तो आवाज खिळे ठोकण्याच्या यंत्रासारखा वाटला, असं वाचलं. लॉबी म्हणते की सायलेंसरने गुन्हे फार थोडे होतात. ते थोडे राहण्यात ठसे आणि तपासणीचा वाटा आहे, असं माझं मत आहे. मला मंजुरी अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर मिळाली; पूर्वी लोक जवळपास वर्षभर थांबायचे. ज्या कागदपत्राला एवढाच वेळ लागतो ते काढून टाकायची घाई का?

नॉर्वेत सायलेंसर दुकानात सहज मिळतो, हे उदाहरण हमखास दिलं जातं. खरं आहे. पण तिथे बंदूक घ्यायला जे परवाने लागतात त्यांचं नाव त्याच वाक्यात कुणी घेत नाही. सिंधुदुर्गातल्या माझ्या काकांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, तिथेही त्रास रानडुकरांचाच. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि काका ती निमूट जमा करतात. टेक्सासमध्ये मला कुणीही बंदूक जमा करायला सांगत नाही. फक्त एका जोडणीची नोंद सरकारकडे आहे. एवढं मी सहन करू शकतो.

कंपनीने नळकांडं ठीक असल्याचं मान्य केलं, चकत्या बदलल्या आणि अनुक्रमांक तोच ठेवला. पोस्टाचा आणि तपासणीचा खर्च माझ्या माथी मारला, त्यासाठीच भांडतोय. आता मी शंकूच्या तोंडाचा, अडकून घट्ट बसणारा माउंट (नळी आणि सायलेंसर यांच्यामधला तुकडा) वेगळा घेतला आहे, शंभर डॉलरच्या आसपास. तेव्हापासून सैल होणं पूर्ण थांबलं, निशाणा जागेवर आला आणि तापलेल्या धातूला हात लावायची वेळ आली नाही. इतकं साधं उत्तर असताना ते डब्यातच का देत नाहीत, हे मी त्यांनाही विचारलंय.

घेणार असाल तर थेट आट्यांचा घेऊ नका, माउंट बदलता येईल असाच घ्या. नोंदणी स्वतःच्या एकट्याच्या नावाऐवजी ट्रस्टच्या (न्यासाच्या) नावावर करा आणि घरच्या माणसाचं नाव त्यात घाला, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी अडणार नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय अशा आठ राज्यांत बंदी आहे, तिकडे शिकारीला जाताना चुकूनही सोबत नेऊ नका. नोंद नसलेला सायलेंसर कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका, १० वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. आणि माउंट बसवल्यावर पहिल्या गोळीआधी नळीतून सरळ सळई घालून ती सायलेंसरच्या तोंडातून बरोबर मधोमध बाहेर येते का, हे दर वेळी पाहा.