आलिशान जंगल मुक्काम: ताडोब्याला की टिपेश्वरला?

लातूर-नांदेडकडच्या ज्या कुटुंबाला जंगलात चार दिवस आरामात राहायचे आहे, त्यासाठी हात सैल सोडण्याची तयारी आहे, आणि आपला पैसा जंगलाच्या व तिथल्या गावांच्या कामी यावा अशीही इच्छा आहे, त्याच्यापुढे साधारणपणे दोन पर्याय येतात. ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटजवळचे तरणतलाव, हिरवळ आणि स्पा असलेले मोठे रिसॉर्ट हा पहिला, आणि पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याच्या काठावरचे, मोजक्या खोल्यांचे पण दराने फारसे कमी नसलेले लॉज हा दुसरा. मी दोन्हीकडे पदरचे पैसे खर्चून राहिलो आहे. पुढचे मत तेवढ्याच अनुभवावर बेतलेले आहे.

वाघ दिसण्याच्या बाबतीत ताडोबा उजवा आहे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. सुमारे 625 चौरस किलोमीटरचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, त्याच्याभोवती जवळपास 1,100 चौरस किलोमीटरचा बफर, म्हणजे गावे-शेते असलेला पट्टा, आणि आत शिरायला कितीतरी गेट. टिपेश्वर जेमतेम 148 चौरस किलोमीटरचे. सुन्ना आणि माथनी या गेटांवर गाड्यांची रांग लहान असते, पण एखादी सकाळ नीलगाय आणि चितळांवरच समाधान मानून परतावे लागते. आईवडिलांना आयुष्यात एकदा वाघ दाखवायचाच असेल, तर पुढचे काही न वाचता ताडोबा निवडावा.

पैशाचे गणित मात्र नीट पाहावे. 2006 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचे प्रतिष्ठान स्थापन करावे लागले आणि पर्यटनाचे प्रवेशशुल्क त्याच्याकडे जमा होऊ लागले. टिपेश्वर हा व्याघ्र प्रकल्प नसून अभयारण्य आहे, त्यामुळे तिथली व्यवस्था वेगळी आहे. परंतु गाईड आणि जिप्सीचे पैसे दोन्हीकडे बहुतांशी आसपासच्या गावांतल्या माणसांच्याच हाती पडतात. तुम्ही साध्या खोलीत उतरा की संगमरवरी न्हाणीघरात, या रकमेत फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीच्या भाड्यात, जे सफारीच्या खर्चाच्या कितीतरी पट असते. ते भाडे कुठे जिरते, एवढाच प्रश्न निवडीसाठी उरतो.

ताडोब्याजवळच्या ज्या रिसॉर्टमध्ये आम्ही उतरलो होतो, तिथे सेवेत नाव ठेवायला जागा नव्हती. खटकली ती एक लहानशी गोष्ट. न्हाणीघरात आरशाशेजारी एक सुबक कार्ड ठेवले होते: टॉवेल पुन्हा वापरल्यास आपण मौल्यवान पाणी वाचवाल. आणि खिडकीबाहेर, मे महिन्याच्या भर दुपारी, हिरवळीवर तुषारांच्या तोट्या गरगर फिरत होत्या; निम्मे पाणी फरशीवरून वाहून गटारात जात होते. दुसऱ्या दिवशीही तेच. व्यवस्थापकांना विचारले तेव्हा बोअरला पाणी भरपूर आहे, असे हसून सांगण्यात आले. कोकणातल्या पाहुण्याला ते कदाचित जाणवलेही नसते. परंतु 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्याने घरात भरून ठेवले आहे, त्या लातूरकराला त्या तोट्यांचा आवाज रात्रीही ऐकू येतो. जेवण वाढणाऱ्या, सामान उचलणाऱ्या मुलांना गाव विचारले, तर बहुतेक जण दूरदूरच्या शहरांतून आलेले निघाले. गेटच्या गावातली माणसे होती, ती मुख्यतः बागेत. हे एकाच रिसॉर्टचे चित्र आहे आणि सगळ्यांना एका मापाने मोजणे योग्य होणार नाही, हे मान्य.

टिपेश्वरच्या लॉजवर तरणतलाव नव्हता, हिरवळही नव्हती. अंगणात मुरूम आणि पळसाची झाडे. खोली मात्र उत्तम, मातीच्या जाड भिंतींमुळे दुपारी सुसह्य, आणि पाणी काचेच्या बाटलीत. स्वयंपाक करणाऱ्या बाई जवळच्याच गावातल्या, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी त्यांच्या हातची. परिसर कापूस-तुरीचा आणि कोलाम आदिवासींच्या पोडांचा, म्हणजे वस्त्यांचा. गेटकडे जाताना गाईडने एक तुरीचे शेत दाखवले, ज्याच्या चारही बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या होत्या. रानडुक्कर बुजावे म्हणून. ते शेत त्याच्या चुलत्याचे होते. डुकरासाठी कुणी कुंपणात वीज सोडतो आणि त्यात वाघ जातो, हेही त्यानेच सांगितले. याच पांढरकवडा भागात, राळेगावच्या बाजूला, अनेक माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली ‘अवनी’ वाघीण नोव्हेंबर 2018 मध्ये गोळी घालून मारण्यात आली. अशा ठिकाणी वाघामुळे एखाद्या घरात महिन्याचा पगार येत असेल, तर त्या घरातून वाघाबद्दल निघणारा शब्द थोडा वेगळा असतो, असे मला तरी वाटले.

आपल्याला टिपेश्वरबद्दल आस्था वाटावी याचे आणखी एक कारण आहे. तिथे वाघांना जागा अपुरी पडते आणि तरुण नर बाहेर पडतात. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत 2019 मध्ये चालत गेलेला ‘वॉकर’ नावाचा वाघ तिथलाच, आणि त्याच्या वाटेत मराठवाडाही होता. 2021 मध्ये गौताळा अभयारण्यात दिसलेला वाघ तिथूनच आलेला, आणि डिसेंबर 2024 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात टिपला गेलेलाही तिथलाच. हे सगळे वाघ शेतांमधून, नाल्यांच्या काठाने आले. वाटेतल्या गावांनी सहन केले म्हणून पोहोचले.

गाडीने जाणाऱ्यांसाठी टिपेश्वर सोयीचेही आहे: तुळजापूर-बुटीबोरी महामार्गाने लातूर, नांदेड करत यवतमाळपर्यंत जावे आणि तिथून पांढरकवड्याकडे वळावे. ताडोबाच हवा असेल, तर कोअर मंगळवारी बंद असतो हे लक्षात ठेवावे, आणि बफरमधल्या एखाद्या गावाजवळचे छोटे लॉज आधी शोधावे. दोन्हीकडे आरक्षणापूर्वी फोनवर दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: कर्मचाऱ्यांपैकी कितीजण दहा किलोमीटरच्या आतले आहेत, आणि उन्हाळ्यात हिरवळीला पाणी कुठून देता. दुसऱ्या प्रश्नावर ‘आमच्याकडे हिरवळ नाही’ असे उत्तर आले, तर मी बाकीची चौकशी न करता आगाऊ रक्कम भरतो.