नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पोलोच्या पोटाखाली कार्बन फायबरचे पॅनल बनवून घेतले, ५ महिन्यांनंतरचा अनुभव

परवा ऑइल बदलायला गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही खाल्लेले पॅनल पहिल्यांदा निवांत खालून पाहता आले, म्हणून आता लिहून राहिलो. लावल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर नुसती चमकच लिहिली असती आणि ह्या कामात चमकेचा काही उपयोग नाही.

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) टाकून साधारण ३५ मिमी खाली घेतलेली. इंजिनखालचं कंपनीचं प्लास्टिक कव्हर सोडलं तर मागे बराचसा भाग उघडाच, पाइप, केबल, फ्लोअरच्या खाचा, ब्रॅकेट, आणि हवा त्या प्रत्येक गोष्टीला आपटत आपटत मागे जाते. समृद्धीवर १२० च्या लिमिटला खालून एक घूंsss असा आवाज यायचा तो डोक्यात जायचा. मला फ्लोअर जमेल तेवढा सपाट करायचा होता, बस.

वर्कशॉप हिंगणा एमआयडीसीत आतल्या गल्लीत आहे, बाहेर पाटीसुद्धा नाही. मूळ धंदा केमिकलच्या टाक्या आणि डक्टचा, एफआरपीमधला, म्हणजे फायबरचं प्लास्टिक. गाड्यांचं काम मालक काका आणि त्यांचा पोरगा हौसेनं घेतात, महिन्याला एखाद-दुसरंच. मी आधी शहरात एका ठिकाणी "कार्बन"चा स्प्लिटर (समोरच्या बंपरखालची पट्टी) बनवून घेतला होता, तो मे महिन्यात पार्किंगमध्येच लोंबला. कापून पाहिला तर वर एक थर कार्बनचा आणि खाली निरा पॉलिस्टर रेझिन (कापडात भरून घट्ट होणारा चिकट द्रव) आणि काचेच्या तंतूंची चटई. तेव्हापासून विश्वासच उडाला होता, म्हणून इथे प्रत्येक स्टेपला मी स्वतः उभा राहिलो आणि त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, हे आधी सांगतो.

मला काका पटले ते पहिल्याच प्रश्नावर. बाकी सगळे विचारतात विव्ह म्हणजे कापडाची वीण कोणती पाहिजे, ग्लॉस की मॅट. काकांनी विचारलं, "गाडी कुठं घासते?" मग स्वतः गाडीखाली झोपले, जुन्या घासल्याच्या खुणांवर खडूनं गोल केले आणि म्हणाले, "हे समोर आहे ना बाबू, इथं कार्बन नको लावू, फुकट पैसे जातील." कारण असं की कार्बन ताठ असतो पण ठोका बसला की पत्र्यासारखा त्याला पोचा पडत नाही, सरळ चिरतो. म्हणून समोरच्या कडेला त्यांनी ग्लास फायबरचे जाड थर घेतले आणि त्याच्याखाली एचडीपीई ह्या चिवट प्लास्टिकच्या १० मिमीच्या पट्ट्या बोल्टनं लावल्या, स्पीड ब्रेकरवर घासायचं ते पट्टीनं घासावं, झिजली की बदलायची. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना १९९४ पासून खाली जी फळी लावतात तीही मुळात १० मिमीचीच असते आणि १ मिमीपेक्षा जास्त झिजली तर गाडी बाद, २०२३ ला ऑस्टिनच्या शर्यतीत हॅमिल्टन आणि लक्लेर हे दोन्ही ड्रायव्हर त्याच पायी बाद झाले. माझी पट्टी ५ महिन्यांत डाव्या बाजूनं ३ मिमी गेली. आपल्याकडचे ब्रेकर पाहता कमीच म्हणायचं.

आता बनवण्याबद्दल. आधी गाडी लिफ्टवर, फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापून कापून खालून लावून पाहिले, जॅक पॉइंट मोकळे, सायलेन्सरच्या आजूबाजूला भरपूर जागा. एक्झॉस्टचा मधला बोगदा पूर्ण उघडा ठेवला. मी म्हटलं तोही झाकून टाका ना, तर पोरगा म्हणाला, "नाही दादा, उष्णता जाईल कुठं?" बरोबर होतं त्याचं.

सपाट पॅनल असल्यामुळे मोल्डची गरज नाही, जाड काचेवर वॅक्स घासून त्याच्यावरच कोरडं कापड अंथरतात. कापड ३के ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं आणि एका दोऱ्यात ३००० तंतू, वजन २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. खाली दोन थर, मध्ये ३ मिमी फोम, वर परत दोन थर. फोम काहून, तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट, मग महागडं कार्बन रचत बसण्यापेक्षा मध्ये हलकी जाडी भरलेली बरी. फक्त बोल्टाच्या जागी फोम काढून तिथं भरीव थर घेतले, नाहीतर बोल्ट आवळला की फोम दबून खड्डा पडतो. ही गोष्ट मला माहीतच नव्हती, मी विचारलीही नव्हती, त्यांनी आपणहून केली.

मग वरून पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), जाळी, प्लास्टिकची बॅग, कडेनं चिकट टेप, आणि पंपानं हवा ओढून घ्यायची, म्हणजे नंतर रेझिन आपोआप कापडात ओढलं जातं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर आहे त्यामुळे काटा उणे १ बारला टेकत नाही, थोडा अलीकडेच थांबतो. पंप बंद करून व्हॉल्व्ह आवळला आणि २० मिनिटं आम्ही चहा पीत काट्याकडे बघत बसलो. पहिल्यांदा काटा खाली आला. लीक होतं, एका कोपऱ्यात टेपची घडी नीट बसली नव्हती. पोरानं कान लावून शोधलं आणि परत २० मिनिटं. अशी वाट पाहणारी माणसं मला आवडतात.

रेझिन इपॉक्सी, त्यात हळू घट्ट करणारा स्लो हार्डनर, आणि काम पहाटे साडेपाचला. मे महिना चालू होता, दुपारी ४५ च्या वर पारा, अशात मिक्स केलेलं रेझिन बादलीतच तापून घट्ट व्हायला लागतं, कापडात शिरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे मी ३ दिवस पहाटे साडेचारला उठून मनीषनगरवरून हिंगण्याला गेलो. काळं कापड रेझिन प्यायला लागतं ना, ओली रेघ हळूहळू पुढे सरकत जाते, ते डोळ्यानं पाहण्यासारखं आहे खरंच.

घट्ट झाल्यावर लगेच काढून दिलं नाही. रॉकवूलच्या पत्र्याच्या पेटीत हीटर लावून हळूहळू ७० डिग्रीपर्यंत नेऊन ८ तास भाजलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण रूम टेम्परेचरलाच सेट झालेलं इपॉक्सी बरेचदा ५०-६० डिग्रीलाच मऊ पडायला लागतं आणि आपल्याकडे मे मध्ये डांबरी रस्त्यावरच तेवढं तापमान असतं, वरून एक्झॉस्टची धग वेगळी. भाजल्यानं ती मर्यादा वर सरकते. एक्झॉस्टच्या बाजूच्या कडांना अॅल्युमिनियमची हीट शील्डही चिकटवली आहे, तिच्या आणि कार्बनच्या मध्ये काचेच्या कापडाचा एक थर. कार्बन वीज वाहून नेतो, त्याला अॅल्युमिनियम चिकटून राहिलं आणि पावसाचं पाणी लागलं की अॅल्युमिनियम गंजत जातं. बोल्ट सगळे स्टेनलेस, खाली नायलॉनचे वॉशर. एका पावसाळ्यानंतर एकही बोल्ट अडकला नाही, सगळे हातपान्यानं निघाले.

कोणी तुम्हाला कार्बन म्हणून काहीही देत असेल तर कडेला थोडं घासून मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टेकवा, कार्बन असेल तर बीप येते, काच असेल तर नाही येत. दोन्ही बाजूंनी करा. मी इथे सगळ्याच पॅनलला केलं, काका स्वतः मीटर घेऊन आले होते.

वजन बोल्टांसकट ४ किलो २०० ग्रॅम भरलं. एवढ्याच मापाचा २ मिमी अॅल्युमिनियम पत्रा साडेनऊ किलोच्या वर गेला असता. खर्च मला एकूण ४१ हजार आला, पट्ट्या आणि फिटिंग धरून. स्वस्त नाही.

तक्रारी आहेत. १० दिवस सांगून २४ दिवस लागले, आणि उशीर होणार हे मला दरवेळी मी फोन केल्यावरच कळलं, त्यांनी एकदाही स्वतःहून सांगितलं नाही. उजव्या पॅनलमध्ये एका कोपऱ्यात रेझिन पोचलंच नव्हतं, हाताएवढा कोरडा डाग. तो त्यांनी पैसे न घेता परत बनवला, पण मला वाईट वाटलं ते कापडाचं. आणि ऑइल ड्रेनसाठी जी झडप ठेवली आहे ती लहान आहे, माझा मेकॅनिक परवा वैतागला, तेल कडेवरून पॅनलवर सांडलं. आता ती झडप मोठी कापून घेणार आहे. पाणी जायची भोकं मात्र नीट जागी आहेत, पूर्ण पावसाळा गेला, आत चिखल साचलेला नव्हता, फक्त सुकलेली धूळ.

फरक काय पडला? ८० च्या वर खालचा आवाज स्पष्ट कमी झाला, माझी बायकोही पहिल्याच दिवशी बोलली की आज गाणी नीट ऐकू येऊन राहिली. वर्धा रोडवर ट्रक बाजूनं गेला की गाडी जी दचकायची ती थोडी शांत वाटते. मायलेज मी नीट मोजलं नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही. कूलंटचं तापमान ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं सॉकेट) उन्हाळाभर पाहत होतो, आधीसारखंच.

जायचं असेल तर आदल्या दिवशी गाडी खालून प्रेशरनं धुवून न्या. मी चिखलाची गाडी नेली होती, त्या दिवशी मापच घेता आलं नाही. आणि पट्ट्यांचा एक जादा जोड तेव्हाच कापून मागा, त्याच भोकांच्या मापाचा. माझा डिकीत ठेवलेला आहे, दिवाळीच्या आधी डावी बदलतो.