‘कार्ड उडालंय’ म्हणत गळ्यात मारलेला जनरेटरचा कंट्रोलर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला 125 केव्हीएच्या डिझेल जनरेटरचा कंट्रोलर (सेट चालू-बंद करणारं आणि त्यावर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, मिस्त्रींच्या भाषेत ‘कार्ड’) बदलण्याचे 42 हजार रुपये लावले गेले. काढलेला कंट्रोलर ठणठणीत होता. बिघाड होता बॅटरीच्या निगेटिव्ह केबलच्या थिंबलमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणात.

लक्षण असं होतं: सेल्फ मारला की डिस्प्ले विझायचा, सेल्फ सुटायचा आणि कंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून चालू व्हायचा. बाहेरून आलेल्या मिस्त्रीने मीटर बाहेरही काढला नाही. ‘कार्ड उडालंय शेठ, नवीनच टाकावं लागेल.’ मे महिना, लाइटचा भरवसा नाही, माग बंद. अशा वेळी मालक घासाघीस करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा कंट्रोलर बसवला, जुना ‘एक्स्चेंज’ म्हणून पिशवीत टाकला आणि सेट पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

खरी मेख इथेच आहे. कंट्रोलर बदलता बदलता त्याने थिंबलही गुपचूप बदललं होतं. दोन्ही कामं एकदम झाली की सेट कशामुळे चालू झाला ते कुणालाच कळत नाही, आणि श्रेय महागड्या वस्तूला जातं.

कारखान्याच्या वायरमनने आदल्या दिवशीच वहीत आकडे टिपले होते: सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर 10.4 व्होल्ट, कंट्रोलरच्या टर्मिनलवर 7.1. मधले 3.3 व्होल्ट वाटेत जात होते. या सेटवर कंट्रोलरची निगेटिव्ह इंजिन ब्लॉकवरून घेतलेली होती. सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंटही ब्लॉकवरून त्याच केबलने बॅटरीकडे परत जातो. थिंबल आतून हिरवं पडलेलं असलं की तिथे व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर उपाशी राहतो. बहुतेक कंट्रोलर 8 व्होल्टच्या खाली तग धरत नाहीत. क्षणभराची घसरण ते सोसतात, पण सेल्फ काही सेकंद फिरतो.

धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी माखलेल्या कॅनॉपीत (सेटभोवतीच्या पत्र्याच्या पेटीत) एकच थिंबल नवं कोरं चमकत होतं. बिलात त्याचा उल्लेखच नाही. मग ‘नव्या’ कंट्रोलरचा मेनू उघडला. रनिंग अवर्स 3,914. इव्हेंट लॉगमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी सेटचे लो ऑइल प्रेशरचे अलार्म. सीटी (करंट मोजण्यासाठी तो ठरावीक प्रमाणात कमी करून कंट्रोलरला देणारा ट्रान्सफॉर्मर) रेशो 100/5, आणि या सेटवर सीटी 200/5 च्या. क्लॅम्प मीटर 150 अँपिअर दाखवत होता तेव्हा डिस्प्लेवर 75. सव्वाशे केव्हीएचा फुल लोड करंट 415 व्होल्टला साधारण 174 अँपिअर. म्हणजे सेट ओव्हरलोड होऊन अल्टरनेटर तापला असता तरी कंट्रोलर गप्पच राहिला असता. पैशांपेक्षा हे वाईट.

निम्मे पैसे द्यायचे बाकी होते म्हणून जुना कंट्रोलर परत मिळाला. तो लावला, सेट चालू.

कंट्रोलर बदलायला हो म्हणण्याआधी हे तपासा. आधी मोड स्टॉपवर ठेवा आणि इमर्जन्सी स्टॉप दाबा. ऑटोवर असेल तर लाइट जाताच सेट तुमच्या हातावर चालू होईल. बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 24 व्होल्टच्या सेटला 25.2. मग हात बाजूला घेऊन, इमर्जन्सी सोडून सेल्फ मारायला लावा आणि मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवतो तो मोड) ठेवून कंट्रोलरच्याच टर्मिनलवर मोजा. त्यानंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर), दुसरी ब्लॉकच्या कोऱ्या लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर केबल, थिंबल किंवा ब्लॉकवरचा रंग लागलेला बोल्ट बघा. खोलताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी.

सेट चालू होऊन स्पीड सिग्नलवर ट्रिप होत असेल तर मॅग्नेटिक पिकअप (फ्लायव्हीलच्या दातांवरून स्पीड मोजणारा सेन्सर) काढून टोक पुसा, लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो. फ्लायव्हीलचा दात बरोबर समोर आणून पिकअप हलकेच टेकेपर्यंत फिरवा आणि अर्धा-पाऊण आटा मागे घ्या. सीटीची वायर चालू लोडवर कधीही उघडू नका, तिथे जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज तयार होतं.

कंट्रोलर खरोखरच जातो, नाही असं नाही. टर्मिनलवर 12 व्होल्ट नीट येऊनही डिस्प्ले मेलेला, किंवा फ्युएलचा आउटपुट ‘ऑन’ दाखवूनही टर्मिनलवर व्होल्टेज शून्य (त्याचा फ्यूज बघून झाल्यावर), तर संशय रास्त आहे. बॅटरी न काढता कॅनॉपीवर वेल्डिंग केलं तरी कार्ड उडतं, आणि हे उद्योग आपल्याकडे सर्रास चालतात.

बदलायचाच ठरला तर मिस्त्रीला आधीच सांगा: सेट चालू झाल्यावर जुना कंट्रोलर परत लावून बिघाड दाखवायचा, मगच पैसे. जो खरा आहे तो पंधरा-वीस मिनिटांच्या या कामाला नाही म्हणत नाही. जुना माल कारखान्यातच राहील, बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर असेल, आणि तो नंबर स्टिकरवर व मेनूत सारखाच दिसायला हवा. फ्लायव्हीलचे दात, सीटी रेशो, सेन्सरचे प्रकार यांची कॉन्फिगरेशन फाइल सेट चांगला चालत असतानाच लॅपटॉपवर काढून पेनड्राइव्हमध्ये ठेवा. ते जमत नसेल तर मेनूतल्या एकेका पानाचा मोबाइलवर फोटो घ्या.